परतीचं तिकीट नसलेली मंगळमोहीम: हिशेब नेमका कुठे फसतो?

मोजपट्टी (धागाकर्ता)

खासगी पैशातून चार माणसं मंगळावर कायमची पाठवायचा आराखडा नेदरलँड्सच्या मार्स वनने मांडला होता. बास लान्सडॉर्प आणि आर्नो विल्डर्स यांनी २०११ मध्ये ही कंपनी काढली. २०१२ मध्ये योजना जाहीर झाली, पुढच्या वर्षी अर्ज मागवले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये शंभर जणांची यादी लागली. त्यात तीन भारतीयही होते. जानेवारी २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या कोर्टाने तिची व्यावसायिक शाखा दिवाळखोरीत काढली. लोक वेडे होते की कंपनी बनवाबनवी करत होती, यावर रग्गड लिहून झालंय. ते इथे नको. इथे फक्त किलो, किलोवॅट आणि दिवस.

एकेरी जाण्यामागचा मूळ मुद्दा खोटा नाही. परत यायचं तर मंगळावरून उड्डाण करणारं यान लागतं आणि त्याचं इंधन एक तर इथून न्यावं लागतं किंवा तिथे बनवावं लागतं. ते सगळं वगळलं की मोहीम हलकी होते. म्हणून पहिल्या चौघांसाठी सहा अब्ज डॉलर आणि पुढच्या प्रत्येक चौकडीसाठी चार अब्ज, असा आकडा त्यांनी सांगितला.

आता सामान. पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी येतात दर २६ महिन्यांनी, म्हणजे सुमारे ७८० दिवसांनी; मधल्या काळात नवं सामान येत नाही. माणसाला रोज ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो, पिण्या-रांधण्याला ३ किलो पाणी धरू, आणि पॅकिंगसकट १.८ किलो अन्न. चौघांचे ७८० दिवस: ऑक्सिजन २.६ टन, पाणी ९.४ टन, अन्न ५.६ टन. आंघोळ, कपडे धुणं अजून धरलेलंच नाही. पुनर्वापर न करता साडेसतरा टन झाले. मंगळावर आजवर उतरलेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे नासाचा पर्सिव्हरन्स रोव्हर, १,०२५ किलो.

तर सांगा, यातलं काय इथून न्यायचं, काय तिथे बनवायचं, आणि काय बिघडेल?

अवकाळी

आधी उतरण्याचं बोलू, कारण तिथेच अर्धी यादी कापली जाते.

मंगळाची हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही विरळ, दाब साधारण ६ मिलिबार. उष्णताकवच लागेल एवढी ती दाट आहे, पण वेग पुरता मारायला पुरत नाही. यान दुप्पट मोठं केलं की वजन आठपट होतं आणि हवेला अडवणारं क्षेत्रफळ फक्त चौपट. म्हणून पर्सिव्हरन्सचंच डिझाइन फुगवून दहा टनांचं करता येत नाही. त्याचं कवच ४.५ मीटरचं आणि पॅराशूट २१.५ मीटरचं होतं. पॅराशूट याहून फार मोठं केलं तर ध्वनीपेक्षा जास्त वेगात नीट उघडण्याआधीच फाटायची भीती.

उपाय एकच: हवेत असतानाच, ध्वनीपेक्षा जास्त वेगात, इंजिनं पेटवून ब्रेक मारणे. स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटचा पहिला टप्पा परत येताना वरच्या विरळ हवेत हेच करतो आणि तिथली परिस्थिती मंगळाशी बरीच जुळते. म्हणजे कल्पना हवेत नाही. पण मंगळावर हे अजून कोणीही केलेलं नाही.

दुसरी गोष्ट नेमकेपणाची. पर्सिव्हरन्ससाठी आखलेला पट्टा ७.७ गुणिले ६.६ किलोमीटरचा होता. एका रोव्हरला तेवढं पुरतं. वस्तीला नाही. राहायचं घर इथे आणि ऑक्सिजनचं यंत्र चार किलोमीटरवर, मग नळी किती लांब टाकणार? आणि अगदी शेजारी उतरवलं तर इंजिनाच्या झोताने उडालेले खडे आधीच्या यंत्रांवर आदळणार. क्युरिऑसिटी या आधीच्या रोव्हरचा वारा मोजणारा एक सेन्सर उतरतानाच निकामी झाला, त्याला उडालेले खडेच कारण असावेत असं मानलं जातं. तेव्हा काही शे मीटर अंतर, मध्ये मातीचा बांध, आणि सामान ओढून आणायला रोव्हर. हा रोव्हर माणसांच्या आधी पोचून चालू स्थितीत हवा.

भोचक_भवानी

एक बाळबोध प्रश्न. मंगळयान ४५० कोटी रुपयांत गेलं होतं ना? मग सहा अब्ज डॉलर कशाला लागतात?

अवकाळी

भवानीताई, मंगळयानाचं वजन निघताना १,३३७ किलो होतं, त्यातलं निम्म्याहून जास्त इंधन, आणि वैज्ञानिक उपकरणं सगळी मिळून १५ किलो. ते कक्षेत फिरत राहिलं, उतरलं नाही. उत्तम काम होतं. पण कक्षेत १५ किलो आणि जमिनीवर काही टन सामान आणि जिवंत माणसं यांची तुलनाच होत नाही.

हरितगृह

अन्न तिथेच पिकवू, असं मार्स वनचं म्हणणं होतं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेच्या गटाने या आराखड्याचं संगणकीय प्रारूप तयार केलं. त्यातल्या निष्कर्षाची बातमी "६८ व्या दिवशी पहिला मृत्यू" अशी गाजली, पण कारण कोणी धड सांगितलं नाही. ते असं:

पिकं आणि माणसं एकाच हवेत. पिकं वाढीला लागली की माणसं वापरतात त्याहून जास्त ऑक्सिजन सोडतात. प्रमाण ३० टक्क्यांच्या वर गेलं की आगीचा धोका, म्हणून हवा बाहेर सोडायची. पण झडप उघडली की नुसता ऑक्सिजन जात नाही, त्याच्याबरोबर नायट्रोजनही जातो. तो टाकीतून भरून काढायचा. टाकी संपली की घरातला एकूण दाब उतरतो, आणि मग माणसाला श्वासापुरताही ऑक्सिजन मिळत नाही. म्हणजे ऑक्सिजन जास्त झाला म्हणून गुदमरून मृत्यू.

अॅरिझोनातल्या बायोस्फिअर २ मध्ये १९९१ ते १९९३ याच्या बरोबर उलटं झालं होतं. आठ माणसं बंद इमारतीत, आणि ऑक्सिजन २०.९ वरून १४ टक्क्यांच्या आसपास उतरला. जमिनीतले जंतू ऑक्सिजन खात होते आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड काँक्रीट शोषून घेत होतं, त्यामुळे तो झाडांपर्यंत पोचतच नव्हता. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. बंद घरात हवेचा तोल आपोआप राहत नाही.

मोजपट्टी

ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र लावलं तर? दवाखान्यात कॉन्सन्ट्रेटर असतातच. लान्सडॉर्प यांचाही हाच प्रतिवाद होता.

हरितगृह

असतात, आणि ते झिओलाइट या सच्छिद्र खनिजावर चालतात. दाबाखाली झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतं, ऑक्सिजन पुढे जातो. दाब सोडला की नायट्रोजन सुटतो. तत्त्व पक्कं आहे. पण दवाखान्यातलं यंत्र बिघडलं तर दुसरं येतं. तिथे ते वर्षानुवर्षं बंद घरात चालायचं, गोळा झालेला जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन साठवायचा, आणि आजूबाजूला प्लास्टिक, वायरिंग, कापड. असं अवकाशात तपासलेलं यंत्र त्या आराखड्यात नव्हतं. माझ्या मते सरळ उपाय म्हणजे पिकांची खोली वेगळी, तिची हवा वेगळी, आणि मध्ये मोजून वायू सोडणाऱ्या झडपा. यंत्रं वाढतात, पण आगीचा धोका घरात येत नाही.

आता विजेचं. मार्स वनने पिकांना ५० चौरस मीटर धरले होते, एमआयटीच्या हिशेबात साधारण २०० लागतात. एलईडीखाली बरं पीक काढायला चौरस मीटरला २०० वॅट धरा. २०० चौ. मी. म्हणजे ४० किलोवॅट, रोज १६ तास, ६४० युनिट. मंगळाच्या अंतरावर सूर्यप्रकाश पृथ्वीच्या ४३ टक्के. चांगल्या पॅनलचा एक चौरस मीटर दिवसाला ढोबळमानाने ०.९ युनिट देईल, तेही धूळ नसताना. म्हणजे फक्त दिव्यांसाठी ७०० चौ. मी. पॅनल. ते न्यायचे, अंथरायचे, पुसायचे. यापेक्षा पहिल्या चौघांनी ७८० दिवसांचं ५.६ टन कोरडं अन्न घेऊन जावं आणि पालेभाज्या, मुळा, मोड आलेली कडधान्यं एवढंच पिकवावं. गव्हाच्या नादी लागू नये.

अवकाळी

+१. आणि धूळ धरायचीच. २०१८ च्या वादळात ऑपर्च्युनिटी रोव्हरची रोजची वीज ६४५ वॅट-तासांवरून २२ वर आली, तीही दहाएक दिवसांत. १० जून २०१८ नंतर त्याचा आवाज आला नाही. वस्तीने वादळात पिकांचे दिवे बंद ठेवून फक्त हवा, पाणी आणि उष्णता चालवायची, असं आधीच ठरलेलं हवं. अणुभट्टी हवी म्हणाल, तर नासाने २०१८ मध्ये क्रस्टी नावाची छोटी भट्टी जमिनीवर चालवून दाखवली, पण तिचं इंधन बॉम्बलाही चालेल असं उच्च समृद्ध युरेनियम. खासगी कंपनीच्या हाती ते कोणीही देणार नाही.

पाना_पक्कड

सगळे ऑक्सिजनवर अडलेत. खरा घोळ सुट्या भागांचा आहे.

अंतराळ स्थानकावर लघवीपासून पाणी काढणारं यंत्र बघा. ८५ टक्के पाणी परत मिळावं असं ते बनवलं होतं. वर गेल्यावर २००९ मध्ये ऊर्ध्वपातनाच्या भागात खडा जमून ते अडकलं. कारण? वजनरहित अवस्थेत हाडं झिजतात, कॅल्शियम लघवीत उतरतं. लघवी टिकावी म्हणून तिच्यात सल्फ्युरिक आम्ल घालत होते. कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र आले की जिप्सम. जमिनीवरच्या चाचण्यांतल्या लोकांची हाडं झिजत नव्हती, त्यामुळे हे आधी कळलंच नाही. मग काढायचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास खाली आणलं, आणि पुढे फॉस्फरिक आम्ल वापरायला लागल्यावर पूर्वपदावर आलं. खाऱ्या उरलेल्या द्रावणातूनही पाणी काढणारी जोडणी नंतर बसवली, तेव्हा कुठे २०२३ मध्ये एकूण ९८ टक्के गाठले. मध्ये चौदा वर्षं गेली, आणि या काळात मालवाहू यानं दर काही महिन्यांनी येत होती. कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या यंत्राचीही तीच गत: झिओलाइटचे गोळे घासून भुगा होतो आणि झडपांत जाऊन बसतो.

आता गणित. एक भाग सरासरी पाच वर्षं टिकतो, तो केव्हाही बिघडू शकतो असं धरा. एक मालवाहू यान फसलं तर दुसरं येईपर्यंत ५२ महिने काढायचे. या काळात अपेक्षित बिघाड ०.८७. लोक म्हणतील, एक स्पेअर पुरे. एक स्पेअर ठेवला तर निभावून जाण्याची शक्यता ७८ टक्के. तीन ठेवले तर ९८.८. ऐकायला छान. पण असे शंभर वेगवेगळे भाग असतील आणि प्रत्येक जीवनावश्यक असेल, तर शंभरही निभावण्याची शक्यता ०.९८८ चा शंभरावा घात, म्हणजे ३० टक्के. प्रत्येकी चार ठेवा, ८२ टक्के. पाच ठेवा, ९६ च्या वर. यातले बहुतेक भाग कधीच वापरले जाणार नाहीत, पण कुठले ते आधी कळत नाही, म्हणून सगळे न्यायचे.

आणि वस्ती वाढली की यंत्रं वाढतात, जुनीही चालूच राहतात. एमआयटीच्या प्रारूपात १३० महिन्यांनी मंगळाकडे जाणाऱ्या मालातला ६२ टक्के वाटा सुट्या भागांचा झाला होता. मार्स वनने सहा फाल्कन हेवी रॉकेटं धरली होती, एमआयटीच्या हिशेबात फक्त पहिल्या चौकडीलाच १५ लागली.

एकेरी मोहिमेने परतीचं भाडं वाचतं हे खरं. पण परत येणाऱ्या मोहिमेचा खर्च माणसं घरी आली की थांबतो. हिचा थांबत नाही. कंपनी बुडाली म्हणून पुढचं यान रद्द, हा पर्यायच नाही.

मोजपट्टी

हे पटलं. कमी कसं करायचं?

पाना_पक्कड

तीन गोष्टी. पहिली, सगळीकडे एकच पंप, एकच मोटर, दोनच मापांचे सील. पाण्याचा पंप आणि गारवा फिरवणारा पंप वेगळ्या कंपनीचे नकोत, थोडी कार्यक्षमता गेली तरी चालेल. दहा जागी एकच भाग असेल तर स्पेअरचा साठा सामाईक होतो आणि एकूण वजन खूप उतरतं. दुसरी, दुरुस्ती बेअरिंगपर्यंत. स्थानकावर अख्खा डबा बदलतात, कारण तिथे माणसाचा तास महाग. मंगळावर तास आहेत, किलो नाहीत. म्हणून डबा उघडता आला पाहिजे: वेल्डिंग नको, स्क्रू हवेत. तिसरी, चौघांतला एक तरी लेथ, सोल्डरिंग आणि मल्टिमीटर यांत मुरलेला हवा. थ्री-डी प्रिंटरने दांडा, कंस, झाकण बनेल. सील, सेन्सर, पडदा बनणार नाही, आणि बिघडतात नेमके तेच.

हरितगृह

नायट्रोजनबद्दल एक भर. तो मंगळाच्या हवेतून मिळतो. प्रमाण घनफळाने २.८ टक्के, वजनाने १.८ च्या आसपास. एक किलोसाठी ५५ किलो हवा, म्हणजे त्या विरळ दाबात २,७०० घनमीटरच्या वर, पंपाने ओढायची. कार्बन डायऑक्साइड थंड करून गोठवून बाजूला काढला की नायट्रोजन आणि आरगॉन उरतात. ते वेगळे करत बसू नका. घरातला दाब भरायला आरगॉनही चालतो, त्यामुळे तेवढ्याच हवेतून जवळपास दुप्पट वायू मिळतो.

किती लागेल? १,००० घनमीटर घर, आत ७० किलोपास्कल दाब, म्हणजे आत सुमारे ८३० किलो हवा. रोज हजारात एक भाग गळती धरली तर ७८० दिवसांत साधारण ६५० किलो. त्यात एअरलॉक, म्हणजे बाहेर जायची दोन दारांची खोली. चार घनमीटरच्या एअरलॉकमधली ९० टक्के हवा पंपाने परत ओढली तरी प्रत्येक वेळी ३०० ग्रॅमच्या वर जाते. आठवड्याला दहा वेळा दार उघडलं की २६ महिन्यांत साडेतीनशे किलोच्या वर.

ऑक्सिजन बनवण्याचा पुरावा मात्र आहे. पर्सिव्हरन्सवरच्या मॉक्सी यंत्राने २०२१ ते २०२३ मध्ये १६ वेळा चालून एकूण १२२ ग्रॅम बनवला, सर्वात जास्त वेग तासाला १२ ग्रॅम. चौघांना तासाला १४० लागतात.

चिकित्सक

किरणोत्साराचं कोणीच काढलं नाही. क्युरिऑसिटीच्या उपकरणाने प्रवासात रोज १.८ आणि जमिनीवर रोज ०.६७ मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणोत्साराचं माप) मोजले. सात महिन्यांचा प्रवास: सुमारे ३८५. ७८० दिवस उघड्यावर: ५२० च्या वर. एकूण ९०० मिलिसिव्हर्ट पहिल्याच टप्प्यात. नासाची अंतराळवीरासाठी आयुष्यभराची मर्यादा ६००. आणि इथे तर वीस-तीस वर्षं काढायचीत.

उपाय मातीचा. दोन मीटर थर म्हणजे चौरस मीटरवर तीन टन. घर चेपेल का? नाही. मंगळाचं गुरुत्व ०.३८, त्यामुळे मातीचा भार ११ किलोपास्कलच्या आसपास आणि आतला दाब ७०. फुगवलेलं घर तो सहज पेलतं. फक्त आतला दाब गेला तर छत खाली येईल, म्हणून आत सांगाडा हवा. वीस मीटर लांब, पाच मीटर रुंद घराच्या माथ्यावर ३०० टन, बाजू धरून आणखी. हे काम माणसं पोचायच्या आधी रोव्हरने करायचं. मार्स वनच्या आराखड्यातही ते रोव्हरवरच सोडलं होतं, पण तीनशे टन माती उकरणारा रोव्हर आजपर्यंत कुठल्याही ग्रहावर गेलेला नाही.

ही माती अंगणातली नव्हे. तिच्यात अर्धा ते एक टक्का परक्लोरेट हा क्लोरीनचा क्षार आहे, २००८ मध्ये फिनिक्स यानाला सापडलं. ते थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही. पाण्यात विरघळतं, त्यामुळे धुऊन काढता येतं, पण ते पाणी मग पिण्याच्या साखळीत येता कामा नये. आपल्याकडे लोणार विवराचा बसॉल्ट मंगळाच्या खडकाचा नमुना म्हणून अभ्यासला जातो. यंत्रात धूळ कशी घुसते ते पाहायला त्याचा भुगा उपयोगी पडेल, मात्र परक्लोरेट वरून मिसळावं लागेल.

औषधांचंही बघा. बऱ्याच गोळ्यांची मुदत तीन वर्षांच्या आत संपते. अपेंडिक्स, दाढ आणि डोळा या तिन्हींची तयारी हवी, आणि शस्त्रक्रिया करू शकणारी माणसं चारात दोन. एकच असेल आणि आजारी तोच पडला तर?

कलम_सहा

कायदा थोडक्यात. १९६७ च्या अवकाश कराराच्या सहाव्या कलमानुसार खासगी कंपनीच्या कामाची जबाबदारी तिच्या देशावर, आणि परवानगी देऊन थांबायचं नाही, सतत देखरेख ठेवायची. म्हणजे कंपनी बुडाली तरी माणसं कोणाची, या प्रश्नाला उत्तर आहे: सरकारची. म्हणूनच कुठलंही सरकार अशा मोहिमेला सहजी सही देणार नाही. दुसऱ्या कलमामुळे जमीन मालकीची होत नाही, तेव्हा "प्लॉट विकून पैसे उभे करू" हा मार्ग बंद. आणि कोस्पार या आंतरराष्ट्रीय अवकाश संशोधन समितीचे जंतुसंसर्गाचे नियम: जिथे पाणी असू शकेल तिथे जास्तीत जास्त निर्जंतुक जावं. वस्तीला मात्र बर्फ हवा, म्हणून ती नेमकी तिथेच जाणार. माणूस निर्जंतुक करता येत नाही.

भोचक_भवानी

सगळं वाचलं. आत दाब ७० किलोपास्कल म्हणजे पाणी ९० अंशांना उकळणार. तूरडाळ कधी शिजायची? कुकर न्यावा लागेल. मग रिंगा किती?

पाना_पक्कड

प्रश्न रास्त आहे, हसू नका कोणी. रिंग सरासरी वर्षभर टिकते धरलं तर ५२ महिन्यांत अपेक्षित ४.३, आणि वरच्याच सूत्राने ९९ टक्के खात्रीला दहा रिंगा. पण इथे ते सूत्र लागू नाही. रबर केव्हाही बिघडत नाही, ते वयाने बिघडतं, त्यामुळे सहा-सात पुरतात. अडचण वेगळीच आहे: रबर पाकिटात पडूनही कडक होतं. आज नेलेली सातवी रिंग चार वर्षांनी काढाल तेव्हा ती आधीच म्हातारी झालेली असेल. हेच घराच्या दाराच्या सीलला, एअरलॉकला आणि स्पेससूटच्या मनगटालाही लागू. म्हणून सिलिकॉनचं घ्या, हवा काढलेल्या पाकिटात अंधारात ठेवा, आणि यादीत प्रत्येक सीलसमोर बनवल्याची तारीख लिहा.

मोजपट्टी

यादीत तारखेचा रकाना वाढवला. डाळ आधीच शिजवून वाळवलेली नेऊ, कुकर रद्द.

भोचक_भवानी

आणि फोडणी? एकाच बंद हवेत चौघं राहणार, मोहरी-हिंगाचा धूर फिल्टरला चालेल का ते हरितगृह यांनी सांगावं.

हरितगृह

तेलाचा धूर कोळशाच्या फिल्टरला लवकर संपवतो. फोडणी पृथ्वीवर, पाकीटबंद.